खुंटीवरची रोटी

१

आमच्याकडे घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं, की उंबरा ओलांडण्याआधी त्याला अख्ख्या रोटीचा एक घास दातांनी तोडायला लावतात. एकच घास. उरलेली रोटी फडक्यात बांधून खुंटीला टांगायची आणि परत आल्यावर त्यानंच ती संपवायची. रोटी माणसाला ओढून आणते, असं आमची माणसं मानतात. पीरबाबांवर माझा विश्वास नाही, ताईत मी कधी बांधला नाही, आणि शेजारची ओनाबिबी गंडेदोरे घेऊन आली की मी तिला चहा पाजून वाटेला लावते. पण रोटीची गोष्ट वेगळी. गावातली निम्मी घरं माझ्या तंदूरवर जेवतात. पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावावा, रोटी कधी उलटी ठेवू नये, भाजण्याआधी उमटवलेला नक्षीचा ठसा नेहमी वर असावा, हे मला शिकवावं लागलं नाही. आईच्या दुधाबरोबरच ते आलं.

माझा एकुलता एक रुझमत रशियात बांधकामावर गेला तेव्हा त्याचीही रोटी मी टांगली. त्याचा घास हजारांत ओळखू येईल. लहानपणी सायकलसकट कालव्याच्या कठड्यावर आपटला, तेव्हा समोरचा उजवा दात अर्धा तुटला. त्यामुळे त्यानं कशाचाही घास घेतला तरी तिथं जिभेएवढा तुकडा तसाच राहतो. ठसा समोर धरला की उजवीकडे.

निघायच्या आदल्या दिवशी तो मित्रांबरोबर जुन्या, ओसाड शहरात फोटो काढायला गेला होता. परतला तो घोटाभर चिखल घेऊन. कित्येक आठवडे पावसाचा थेंब नव्हता आणि मी नुकतंच घर झाडून काढलं होतं.

"कुठं लोळायला गेला होतास रे म्हशीसारखा?" मी ओरडले.

"नदी परत आली होती आई," तो हसत म्हणाला. "तुला सलाम सांगितलाय."

आमू नदी जुन्या शहराला सोडून गेली त्याला शतकं झाली. मला वाटलं, कालव्यात उतरला असेल गाढव. शिव्या देत मी बूट धुतले. शरदापर्यंत त्याचे फोन येत होते, मग थांबले. निरोप पाठवला तर फोनवर एकच बरोबरची खूण उमटायची, दुसरी कधी आलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, अगदी ऐन भाजून काढणाऱ्या दिवसांत, मी खुंटीवरची धूळ झटकत होते. बोट फडक्यावरून रोटीला लागलं आणि आत रुतलं.

वाळून लाकूड झालेली रोटी होती ती. आमच्याकडे त्या दिवसांत ओला कपडा पिळून दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. फडकं सोडलं. काठ मऊ पडले होते आणि गाळाचा वास येत होता, नदीकाठच्या थंड गाळाचा. मी छत पाहिलं, भिंत पाहिली, सुनेला हाक मारली.

"झुम्रद! इथं पाणी शिंपडलंस का?"

"नाही आई."

"मग रडत बसली होतीस का याच्याखाली?"

माझी सून बोलत नाही, नुसती बघते. तिच्या त्या बघण्याचा मला तेव्हा फार राग यायचा.

२

भिंतीमागं कुठंतरी पाणी मुरत असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण मन काही केल्या ऐकेना. दोन दिवसांनी मीच झुम्रदला म्हटलं, "चल, जुन्या शहरातल्या पीरांच्या कबरींवर जाऊन येऊ. ओनाबिबी वर्षभर डोकं खातेय, एकदा तिचं तोंड तरी बंद होईल." खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मुलगा जिवंत आहे की नाही एवढंच मला हवं होतं, आणि ते सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

गाडी सोबिरची. तोंडाला कुलूप नसलेला माणूस.

"पाशा खाला, तुम्ही आणि जियारतीला? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

"तू पुढं बघून चालव. नाहीतर माझ्याच जनाज्याला यावं लागेल तुला."

"येईन की! पण रोट्या कोण भाजणार?"

कापसाची शेतं संपली आणि जमिनीवर मीठ फुललेलं दिसायला लागलं. लांबून मिनार दिसला. सगळं शहर पडलं, तो एकटाच उभा राहिलाय. त्याच्या आसपास दोनचार घुमट, बाकी काटेरी झुडपं आणि मातीचे उंचवटे. एके काळी तिथं राजा राहायचा, बाजार भरायचा, होड्या लागायच्या. आता साप राहतात.

टेकडीवर नेहमीप्रमाणे पोरंबाळं मागायला आलेल्या बायका उतारावरून गडगडत खाली येत होत्या, अंगाला माती, तोंडात हसू. झुम्रद थांबून बघायला लागली.

"पोर हवं तर आधी नवरा घरी लागतो," मी म्हटलं. "चल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढा राग मी पहिल्यांदाच पाहिला. मग ती वळली आणि कबरींकडे न जाता मिनाराच्या पलीकडे चालायला लागली, जिकडं कुणी जात नाही तिकडं.

३

मी हाका मारत मागं गेले. ऊन इतकं होतं की पापण्या चिकटत होत्या. जुन्या तटाचा मातीचा बांध ओलांडला तसा बायकांचा आवाज एकदम तुटला. आवाज हळूहळू लांब जातो, हा तसा गेला नाही. त्या जागी दुसराच आवाज होता. खूप मोठं पाणी सावकाश चाललं की येतो तसा.

वारा असेल, मी म्हटलं. वाऱ्याचा आवाज असाच येतो कधीकधी. झुडपांकडे पाहिलं तर एक काडी हलत नव्हती.

बांधाच्या खाली एक ठेंगणं मातीचं घर होतं. दाराशी तंदूर पेटलेला, आणि झुम्रद त्या दारात चपला काढून उभी. घर पाहून मला खरंतर हायसं वाटलं. कुणी राखणदार राहत असेल, पाणी मिळेल. पण तंदूरपाशी पोचले आणि पाय थबकले. मी जन्मभर तंदूरसमोर उभी राहिलेली बाई. त्याची धग मला दहा पावलांवरून गालाला कळते. याच्यात आग लाल दिसत होती आणि त्यातून गारवा येत होता.

"या आपा," आतून आवाज आला. "उन्हात कशाला उभ्या? या, घासभर खा, मग जा."

माझ्याच वयाची बाई. डोक्याला पांढरा रुमाल, मनगटांवर तंदूरचे जुने चटके, माझ्यासारखेच. रोटीचं बोलावणं आमच्याकडे कुणी नाकारत नाही. शत्रूच्या घरीही तुकडा मोडावा लागतो, मग भांडावं. मी आत गेले.

४

खोली थंड होती. भिंती गुडघ्यापर्यंत ओल्या आणि वर कोरड्या, जसं काही पाणी तिथपर्यंत येऊन नुकतंच ओसरलं असावं. अंगावरचा घाम एका क्षणात गार पडला. मागच्या भिंतीला एक दार होतं, त्याला पडदा, आणि पडद्याखालून उजेड हलत होता. झुम्रद बसली नाही. ती त्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिली.

बाईनं दस्तरखान पसरलं आणि त्यावर रोटी ठेवली. उलटी.

मला कानाखाली मारल्यासारखं झालं. पाठ वर, ठसा खाली. आमच्याकडे दोन वर्षांच्या पोराकडूनही असं होत नाही. चुकून झालं असेल म्हणून मी हात पुढं केला, सुलटी करायला. तिनं माझा हात धरला. तिचा हात ओला होता आणि पकडीत जोर होता.

"माझ्या घरात अशीच ठेवतात."

"आम्ही जेवून आलोय," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी रोटीला नाही म्हणत होते.

"जेवून आलेलेही खातात. इथून कुणी घास न घेता गेलं नाही आपा. बघा की!"

तिनं हनुवटीनं भिंत दाखवली. मी वर पाहिलं. छतापर्यंत खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला एक रोटी. प्रत्येकीत एकच घास. काही काळ्या पडलेल्या, काही आजच्या वाटाव्यात अशा. सगळ्या पाठ आपल्याकडे करून टांगलेल्या.

"एवढी मुलं तुम्हाला?" मी विचारलं.

"घास घेतला की तो माझा." ती हसली. "तुमचाही आहे ना. चिखलाच्या बुटांचा."

तेवढ्यात मला ती दिसली. डोक्याच्या उंचीला, दाराजवळ. घासाच्या उजव्या कडेला जिभेएवढा तुकडा उभा. दोन दिवसांपूर्वीच फडकं सोडून घरातली रोटी पाहिली होती मी. तोच घास, तीच उजवी बाजू.

म्हणजे त्या दिवशी तो इथं येऊन बसला होता. माझ्या रोटीच्या आधी त्यानं हिची रोटी चाखली होती. दोन घरांनी ओढला तर माणूस पोचणार कुठं? माझा पोरगा का येत नाही ते मला तिथं त्या ओल्या जमिनीवर बसून कळलं, आणि भीती गेली. नुसता संताप उरला. हिच्या चिखलाच्या घरात माझा रुझमत टांगलेला!

मी उठले, खुंटीवरून रोटी ओढली आणि ओढणीखाली घेतली. वाटलं, आता ही अंगावर येईल. ती बसल्या जागेवरून हललीसुद्धा नाही.

"न्या, न्या," ती म्हणाली. "माझी खुंटी काही रिकामी राहत नाही. टांगा घरी. येईल तो."

"झुम्रद!" मी ओरडले. तिनं पडदा बाजूला केला होता आणि त्या उजेडाकडे तोंड करून उभी होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. तपकिरी पाणी, पलीकडचा काठ न दिसणारं. एवढंच पाहिलं. तिचा दंड धरून ओढत बाहेर काढलं आणि बांध चढेपर्यंत सोडला नाही.

गाडीत सोबिर म्हणाला, "खाला, पाय बघा तुमचे! कुठं भात लावायला गेला होतात?" घोट्यापर्यंत चिखल होता. मी त्याला गप्प बस म्हटलं आणि तो खरोखरच गप्प बसला, घर येईपर्यंत.

५

घरी आल्या आल्या मी ती रोटी आपल्या रोटीच्या शेजारी, त्याच खुंटीला टांगली. दोन्ही ओढी आता एकाच घराकडे, असा माझा हिशेब. अर्थात मी ती सुलटी टांगली, ठसा पुढं करून. माझ्या घरात रोटी उलटी लटकणार नाही.

आपल्या रोटीचंही फडकं सोडलं आणि मागं सरकून पाहिलं. काहीतरी खटकलं. आपल्या रोटीवर तो जिभेएवढा तुकडा उजवीकडे. त्या रोटीवर डावीकडे.

साधी गोष्ट होती, पण त्या खोलीत मला सुचली नव्हती. पाठीवरून पाहिलं तर उजवं डावं होतं. तिथं उलट्या रोटीवर जी बाजू उजवी दिसली, ती सुलटी केल्यावर डावी झाली. म्हणजे हा घास ज्यानं घेतला त्याचा डावा दात तुटलेला असणार.

मी स्वतःला समजावलं. ओलीनं रोटी फुगली असेल. त्यानं मान तिरकी करून घास घेतला असेल, पोरगं होतंच तसं अचरट. रोटी फेकायचा तर प्रश्नच नव्हता, रोटी फेकतं का कुणी? आणि खाली उतरवून ठेवली, आणि तीच त्याची असली तर? रुझमत याच धाग्यानं येणार असला तर? मी ती राहू दिली.

आठवड्याच्या आत दुपारी दार वाजलं. झुम्रद माझ्या आधी धावली. मी पिठाच्या हातांनी बाहेर आले तर रुझमत अंगणात उभा. वाळलेला, पांढरा पडलेला, पण माझा रुझमत. मी त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडले. सगळी गल्ली गोळा झाली. ओनाबिबी म्हणाली, "बघ, माझं ऐकलंस!" आणि मी तिचाही मुका घेतला.

"फोन का नाही केलास रे मेल्या?"

"पाण्यात पडला."

"आणि बूट?" उन्हानं अंगणाला भेगा पडल्या होत्या. त्याच्या पावलांचे ओले ठसे फाटकापासून उमटले होते.

"रोटी कुठाय आई?" त्यानं विचारलं.

मी दोन्ही दाखवल्या. त्यानं क्षणभरही विचार न करता मी त्या घरातून आणलेली काढली आणि उभ्या उभ्या खाल्ली. खाताना त्याचे ओठ उघडले. समोरचा डावा दात अर्धा होता.

६

सबंध संध्याकाळ मी स्वतःशी भांडत होते. आरशात बघून बघून माणसाला आपलं डावं-उजवं कळेनासं होतं. माझंच चुकत असेल. जुना फोटो काढून पाहिला. फोटोतही उजवाच होता. त्याच्या भुवईवरचा तीळही बाजू बदलून बसला होता. चहाची वाटी तो डाव्या हातानं उचलत होता. तंदूरजवळून गेला तेव्हा आग मिणमिणली आणि आत चिकटवलेली रोटी सुटून राखेत पडली.

मी झोपले नाही. एकच विचार होता. खुंटीवर अजून एक रोटी आहे, खरी. ती याला मिळता कामा नये. उजाडताच पिठाच्या हंड्यात लपवते.

पण पहाटे कणीक फुगून वर आली आणि गिऱ्हाइकं दारात उभी राहिली. सवयीनं आधी तंदूर पेटवला. पहिली खेप काढून आत आले तर तो दस्तरखानावर बसलेला. समोर ती रोटी. खुंटी रिकामी. शेजारी झुम्रद, केस विंचरलेले, डोळ्यांत सुरमा.

"कुणी काढली?" मी विचारलं.

"मी." तिनं मला बाजूला घेतलं. आवाज खाली होता, पण कापत नव्हता. "त्यांची आहे. त्यांनीच संपवायची ना?"

"अगं, तो दात बघ! तू बायको आहेस त्याची, तुला दिसत नाही?"

"मला काल दारातच दिसलं. त्याच्याही आधी दिसलं. तिथं पडद्यामागं. काठावर कुणी नव्हतं आई, पाण्यातल्या प्रतिबिंबात मात्र ते उभे होते. माझ्याकडे बघत होते."

"आणि तू हे मला आत्ता सांगतेस?"

"तुम्ही म्हणालात ना, पोर हवं तर आधी नवरा घरी लागतो?" ती म्हणाली. "आलाय नवरा घरी. आता काही बोलू नका."

मला तिच्या मुस्काटात मारावंसं वाटलं आणि तिच्या पायाशी बसून रडावंसंही वाटलं. मी दस्तरखानाकडे वळले. रोटी झडप घालून ओढायची, एवढंच डोक्यात होतं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझे हात जागेवरच राहिले. रुझमतनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तिथल्या त्या बाईनं पाहिलं होतं. तो खात राहिला, सावकाश, काठाकडून मध्याकडे. शेवटी ती जिभेएवढी उरली आणि तीही त्यानं तोंडात टाकली.

माझ्या एप्रनच्या खिशात फोन वाजला.

अनोळखी क्रमांक होता. आवाज लांबून येत होता, मागं रेल्वे स्टेशनवरचा गोंधळ.

"आई! मी, रुझमत. ओरडू नकोस, आधी ऐक. लांब उत्तरेला जंगलात काम होतं, फोन चोरीला गेला, पासपोर्ट मालकानं दाबून ठेवला होता. आता सुटलो बघ. गाडीत बसतोय. झुम्रदला सांग." तो हसला. तेच हसणं, नदीनं सलाम सांगितलाय म्हणाला होता तेव्हाचं. "आई? ऐकतेस ना? माझी रोटी आहे ना गं खुंटीवर?"

मी खुंटीकडे पाहिलं.

"आहे रे बाळा," मी म्हटलं. "ये तू."

मागं तो दस्तरखानावर सांडलेले कण बोटानं टिपत होता, एकेक करून, मी रुझमतला लहानपणी शिकवलं होतं तसे. शेवटचा कण त्यानं कपाळाला लावला आणि खाल्ला.